बाळाच्या बोटांतील मुळाक्षरें

शहरांतील सुशिक्षित घरांत मूल तीन वर्षांचें झालें न झालें तोंच त्याच्यासाठीं रंगीत चित्रांची अंकलिपी येते आणि तिच्या पाठोपाठ पेन्सिल येते. अंकलिपीच्या पहिल्या पानावर अननस असतो, पुढें कमळ असतें, आणि शेवटीं कोठें तरी यज्ञकुंडाजवळ दाढीवाले ऋषि बसलेले असतात. वडील मंडळी मुलाला मांडीवर घेऊन चित्रावर बोट ठेवतात व नांवें म्हणवून घेतात. मूल म्हणतें. पाहुणे आले म्हणजे पुन्हा म्हणतें. त्याचें कौतुक होतें, आणि मग एके दिवशीं त्याच्या हातांत पेन्सिल देऊन ‘आतां हें काढ’ असें कोणी तरी सांगतें. पुढचा प्रकार बहुतेक घरांस ठाऊक आहे. अक्षर पानाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत वाढतें. पेन्सिलीचें टोंक मोडतें. चित्रांचीं नांवें घडाघडा म्हणणारें तेंच मूल, अनोळखी माणसाकडे पाहावें तसें त्या अक्षराकडे पाहूं लागतें. चार दिवसांनीं पेन्सिल दिसली कीं तें पलंगाखालीं शिरतें.

यांत मुलाचा दोष नसतो. पालकांच्या हेतूंतहि खोट नसते. चुकलेला असतो तो क्रम. अक्षर हें आधीं कानानें ऐकावयाचें, मग तोंडानें उच्चारावयाचें, मग हातानें चांचपावयाचें, आणि सर्वांच्या शेवटीं पेन्सिलीनें काढावयाचें असतें. घरोघर पहिल्या तिन्ही पायऱ्या सोडून मुलाला एकदम चौथीवर चढवितात. ही चौथी पायरी त्याच्या शरीराला झेपणारी असते काय? माणसाच्या मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं त्यांच्या जागीं नुसती मऊ कूर्चा असते. पहिल्या वर्षांत त्यांपैकीं दोन हाडें कठीण होऊं लागतात, चौथ्या वर्षाच्या सुमारास चारांची सुरुवात झालेली असते, आणि शेवटचें हाड नवव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान आकार घेतें. ज्या मनगटाची अर्धी बांधणी व्हावयाचीच आहे, त्याच्याकडून दोन ओळींमधील बारीक अक्षराची अपेक्षा करणें म्हणजे पायाचें काम चाललें असतांना माडीवर बिऱ्हाड थाटण्यासारखें आहे. परंतु त्याच चार वर्षांच्या हाताला कणीक तिंबतां येते, मटाराच्या शेंगा सोलतां येतात, वाळूंत हवी तितकी लांब रेघ ओढतां येते. म्हणजे हात निकामी नसतो. पेन्सिल अवेळीं आलेली असते.

जुन्या मंडळींना हें कळत होतें. गांवठी शाळेंत पंतोजींच्या पुढें मुलगा पहिल्या दिवशीं कागद घेऊन बसत नसे. तो धूळपाटी घेऊन बसे. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची आणि बोटानें अगर काडीनें तिच्यांत अक्षर ओढावयाचें. चुकलें तर फळी हलविली कीं पाटी कोरी. ‘धुळाक्षरें’ हा शब्द मराठींत त्यांतूनच आला, आणि एखाद्या विद्येच्या आरंभीं असलेल्या मनुष्यास ‘अजून धुळाक्षरें गिरवीत आहे’ असें आजहि म्हणतात. गिरविणें या क्रियेंत शहाणपण होतें. पंतोजींनीं काढून दिलेल्या अक्षरावरून मूल बोट फिरवी आणि फिरवितांना त्याचा मोठ्यानें उच्चार करी. कान, तोंड आणि बोट एकाच वेळीं कामाला लागत. पंतोजींच्या छडीचें समर्थन कोणी करूं नये. परंतु छडीला हद्दपार करतांना तिच्याबरोबर धूळपाटीहि अडगळींत फेंकली गेली, हें वाईट झालें. तिची एक पुसट आठवण दसऱ्याला उरली आहे. त्या दिवशीं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा करतात. केरळांत तर विजयादशमीस तांदूळ पसरलेल्या ताटांत मुलाचें बोट धरून त्याच्याकडून पहिलें अक्षर काढवितात. आरंभाला लेखणी नको, बोट हवें, हें त्या विधींत अजून टिकून आहे.

दूरच्या देशांतील शहाण्या माणसांनाहि निराळें सुचलें नाहीं. रोम येथें पहिल्या शतकांत क्विंटिलियन नांवाचा वक्तृत्वाचा मोठा आचार्य होऊन गेला. लहान मुलांना खेळावयास हस्तिदंती अक्षरें द्यावींत आणि फळींत कोरलेल्या अक्षरांच्या खांचेंतून त्यांचा हात फिरवावा, म्हणजे तो भरकटणार नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याच्याहि आधींच्या होरेस कवीनें, मुलांना अक्षरांची गोडी लागावी म्हणून खाऊ देणाऱ्या शिक्षकांचा उल्लेख केला आहे. हाच विचार शास्त्रीय कसोटीवर घांसून पाहिला तो डॉ. मारिया माँटेसरी यांनीं. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या एका गरीब वस्तींत त्यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें त्यांनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून गुळगुळीत पाट्यांवर चिकटविलीं आणि मुलांना तीं दोन बोटांनीं कुरवाळावयास दिलीं. अक्षर पाहणें, स्पर्श करणें आणि त्याचा नाद उच्चारणें या तिन्ही क्रिया एकत्र आल्या. त्यांना असें आढळलें कीं चार-साडेचार वर्षांचीं मुलें कोणीं न सांगतां एके दिवशीं आपण होऊन लिहूं लागतात, आणि वाचणें त्यानंतर येतें. वाचन आधीं आणि लेखन मागून, ही सर्वांची समजूत त्या मुलांनीं उलटी केली.

ही पद्धति महाराष्ट्रांत आली ती गुजरातमार्गें. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. तेथें १९२३ सालीं ताराबाई मोडक या विदुषी त्यांना येऊन मिळाल्या. दोघांनीं मिळून १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि पुढें ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें १९३६ सालीं शिशुविहार सुरू केला. माँटेसरीबाईंचें साहित्य सुंदर खरें. पण तें सुताराकडून मापांत करवून घ्यावें लागे, आणि त्याची किंमत शहरांतील थोड्याच घरांना परवडे. १९३१ सालीं गांधीजी लंडनला गेले असतां माँटेसरीबाईंची व त्यांची भेट झाली. तेथें गांधीजींनीं बोलून दाखविलेली चिंता हीच होती, कीं ही शिक्षणपद्धति श्रीमंतांच्या मुलांपुरती न राहतां हिंदुस्थानांतील गोरगरिबांच्या मुलांपर्यंत पोंचावी.

ताराबाईंनीं तें मनावर घेतलें. १९४५ सालीं त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. मोरगांवच्या अनुताई वाघ त्यांना तेथें सहकारी म्हणून लाभल्या. अनुताईंना बालपणींच वैधव्य आलें होतें आणि त्यांनीं स्वतःच्या हिमतीनें शिक्षण घेतलें होतें. पुढें १९५७ सालीं हें काम जवळच्या कोसबाडच्या टेंकडीवर गेलें, वारली मुलांमध्यें. लांकडी ठोकळ्यांच्या ऐवजीं तेथें दगडगोटे आले, शिंपले आले, बिया, पानें, काटक्या आल्या. मुलें शाळेंत येत नाहींत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगण-बालवाडी असे दोन प्रकार त्यांनीं केले. त्यांतील दुसऱ्याची कल्पना ‘अंगणवाडी’ या नांवानें देशभर पसरली, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या बालविकास योजनेंत ती शब्दासकट शिरली. दिल्लीच्या कागदपत्रांत मराठी अंगण जाऊन बसलें, ही गोष्ट मराठी माणसांच्या फारशी ध्यानांत नसते.

कोसबाडच्या टेंकडीवरून नगर जिल्ह्याच्या पठारावर आलें तरी तोच धडा दुसऱ्या रूपानें भेटतो. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी हें पर्जन्यछायेंतील गांव. रान उताराचें, पाऊस पडे तो माती घेऊन वाहून जाई. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं चर खणले, नालाबांध घातले, झाडें लावलीं आणि धांवतें पाणी जागोजागीं अडवून जिरविलें. शाळेची इमारतहि त्यांनीं श्रमदानानें उभी केली, आणि त्या शाळेनें इतरत्र नापास ठरलेल्या मुलांना मुद्दाम जवळ केलें. पाण्याचें काम पाहावयास देशभरांतून माणसें गेलीं. हें दुसरें काम त्या मानानें कमी बोललें जातें. नापासाचा शिक्का निकालपत्रावर उमटतो तेव्हां मूल पंधरा-सोळा वर्षांचें असतें, परंतु त्याची शाई पुष्कळदां पहिल्या पाटीवरच कालविली गेलेली असते. अक्षर काढतां आलें नाहीं म्हणून चौथ्या वर्षीं ज्याला ‘मठ्ठ’ म्हटलें गेलें, त्याच्या मनावरून तें बोलणें सहजासहजीं पुसलें जात नाहीं. म्हणून अक्षरहि त्या रानांतील पाण्याप्रमाणें सावकाश मुरूं द्यावें लागतें. रोज चार अक्षरें ओतलीं तर तीं उतारावरून निघून जातात.

या जिल्ह्याला अक्षरांचें जुनें नातें आहे. नेवाशास ज्ञानेश्वरांनीं गीतेवर भाष्य सांगितलें तें १२९० सालीं, आणि त्याच्या आरंभीं ओंकारांतील अकार, उकार, मकार यांतूनच गणपतीची मूर्ति घडविली. अक्षरांना शरीर असतें ही कल्पना मराठींत इतकी जुनी आहे. सावित्रीबाई फुले यांनीं अक्षरें घरींच, जोतीरावांपासून शिकलीं, आणि शिक्षिकेचें पुढील शिक्षण त्यांनीं नगर येथें सिंथिया फरार या मिशनरी बाईंच्या शाळेंत घेतलें. घरांत शिकलेलें अक्षर कोठवर जातें याचें याहून मोठें उदाहरण महाराष्ट्रांत सांपडावयाचें नाहीं.

आतां प्रत्यक्ष घरांतील कामाकडे वळावें. पहिले कांहीं आठवडे अक्षर दाखवूंच नये, तें ऐकवावें. भाजी निवडतांना, अंघोळ घालतांना, जिना उतरतांना खेळ करावा: ‘घरांत कप आहे, कढई आहे, कणीक आहे; आणखी कोण आहे क चें?’ यासाठीं अंकलिपींतील कमळ फारसें उपयोगाचें नाहीं. शहरांतील मुलानें कमळ पाहिलेलें नसतें, कढई रोज पाहिलेली असते. तवा, नळ, घर, डबा, बशी, चमचा, रवा, दही, वरण, फणी, जग, गवत, सगळी वर्णमाला स्वयंपाकघरांत आणि अंगणांत नांदत असते. यांत एक पथ्य मात्र आहे. शब्दाचें पहिलें अक्षर बिनकान्याचें, बिनवेलांटीचें असावें. ‘क’ साठीं काकडी किंवा केळें घेतलें तर मुलाच्या कानाला ‘का’ आणि ‘के’ ऐकूं येतात, आणि तें बिचारें गोंधळतें. मोठ्यांना हा भेद जाणवत नाहीं, कारण त्यांनीं अक्षरें डोळ्यांनीं पाहिलेलीं असतात; मुलाचा कान मात्र कोरा आणि तिखट असतो. या बाबतींत देवनागरीनें मुलांवर मोठे उपकार केले आहेत. आपल्या लिपींत अक्षराचें नांव आणि त्याचा नाद एकच आहे. इंग्रजीच्या मुलाला ‘डब्ल्यू’ हें लांबलचक नांव पाठ करून मग त्याचा उच्चार ‘व’ सारखा करावयाचा असतो. मराठी मुलानें ‘व’ म्हटलें कीं काम झालें.

कान तयार झाला म्हणजे ताट घ्यावें. काळ्या किंवा गडद रंगाचें, उभ्या कडांचें ताट असलें तर उत्तम. त्यांत रांगोळीची पूड, बारीक वाळू अगर जाडा रवा बोटभर उंचीच्या निम्म्यानें पसरावा. झाली धूळपाटी. राळेगणसारख्या गांवांतील मुलाला ती अंगणांत फुकट मिळते. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलासाठीं ती रांगोळीच्या पुडींतून करावी लागते, इतकाच फरक. मोठ्या माणसानें सावकाश एक अक्षर ओढावें आणि ओढतांना तोंडानें त्याचा नाद म्हणावा. मुलानें त्याच वाटेनें बोट फिरवावें. बोटाची दिशा बरोबर पडली पाहिजे, ही एकच गोष्ट येथें सांभाळावी. अक्षराच्या सौंदर्याचा विचार करूं नये. वरची शिरोरेघ अक्षर पुरें झाल्यावर, सर्वांत शेवटीं, डावीकडून उजवीकडे. ती आधीं ओढून तिला अक्षरें टांगावयाची संवय लागली कीं पुढें सबंध शब्द लिहितांना अडचण होते. ताट हलविलें कीं सगळें नाहींसें होतें, आणि हाच त्या ताटाचा मोठा गुण आहे. कागदावरची चूक तशीच राहते आणि रबरानें खोडली तरी डाग दाखविते. रांगोळींतील चुकीची कोणाजवळ नोंद राहत नाहीं.

खरखरीत अक्षरें घरीं करणें फार सोपें आहे. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे वीतभर तुकडे कापावेत, त्यांवर जाड ब्रशानें खळीचें किंवा डिंकाचें अक्षर काढावें, आणि ओलें असतांनाच त्यावर वाळू भुरभुरावी. वाळलें म्हणजे झटकून टाकावें. हीं अक्षरें डोळे मिटून ओळखण्याचा खेळ मुलांना विलक्षण आवडतो. आईनें, आजोबांनींहि डोळे मिटून ओळखावें आणि मधून मधून चुकावें. घरांतील मोठें माणूस चुकलेलें पाहण्यासारखा आनंद लहान मुलाला दुसऱ्या कशांत मिळत नाहीं.

स्वयंपाकघरांतील कणीक ही तर अक्षरांची खाणच होय. पोळ्या करतांना लिंबाएवढा गोळा मुलाला द्यावा. त्याची लांब वळी करावयास शिकवावी, आणि त्या वळीचें पाटावर अक्षर वाकवावें. व वाकविला, पोटांत आडवी काडी घातली कीं ब झाला. दांड्याच्या उजवीकडे शेंपूट दिलें कीं क झाला. एकाच कणकेंतून तीन अक्षरें जन्मास आलेलीं मूल स्वतः पाहतें. दिवाळींत शंकरपाळ्यांच्या पिठाचें अक्षर करून तळलें आणि ज्यानें केलें त्यानें तें खाल्लें, तर होरेसच्या शिक्षकांनाहि समाधान वाटेल.

अक्षरें कोणत्या क्रमानें द्यावींत, हा प्रश्न सुशिक्षित घरांत हमखास वादाचा होतो. आजोबांना अ, आ, इ, ई हवें असतें. तो क्रम उच्चारशास्त्राचा आहे आणि अत्यंत सुंदर आहे. कंठापासून ओठांपर्यंत क, च, ट, त, प हे वर्ग कसे पायरीपायरीनें पुढें येतात हें पाहून जगांतील पंडितांनीं नवल केलें आहे. तो क्रम मुलानें तोंडपाठ म्हणावा, टाळ्या वाजवीत म्हणावा. परंतु हातानें काढावयाचा क्रम निराळा असावा. अ आणि इ हीं आकारानें अवघड अक्षरें. त्यांनीं आरंभ करणें म्हणजे पोहावयास शिकणाऱ्याला डोहांत ढकलणें होय. मराठी शाळांतून ‘ग म भ न’ हा क्रम रूढ झाला तो याच कारणानें. सगळीं उभ्या दांड्याचीं, सगळीं एका घराण्याचीं. हीं चार येतांच नग, मन, नभ, गगन, गमन असे शब्द तयार होतात. त्यांत र मिळाला कीं मगर येते, गरम येतें, आणि ‘नगर’ येतें. जिल्ह्याच्या जुन्या बोलीभाषेंतील नांवांत काना नाहीं, मात्रा नाहीं, वेलांटी नाहीं; २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, तरी शेवटचीं तीन अक्षरें बालकाच्या आवांक्यांतलीं राहिलींच. ‘राळेगणसिद्धी’ मात्र मोठें कठीण नांव. तेथील बालकाला आपल्या गांवाचें नांव लिहावयास काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर इतकीं सगळीं स्टेशनें घ्यावीं लागतात.

घराण्यांतील साम्य जसें उपयोगी तसेंच तें फसवेंहि असतें. घ आणि ध, म आणि भ, प आणि ष यांची गल्लत पुष्कळ मुलें करतात. त्यांना तीं एकाच दिवशीं शेजारीं शेजारीं देऊं नयेत. पहिलें अक्षर पुरतें मुरल्यावर, कांहीं आठवड्यांनीं दुसरें द्यावें, आणि तेव्हां भेद बोटाला दाखवावा. ध आणि भ यांची शिरोरेघ तुटलेली असते, घ आणि म यांची अखंड असते. वाळूच्या अक्षरावरून बोट फिरलें म्हणजे तें त्या तुटीशीं अडखळतें, आणि डोळ्याला जें समजत नव्हतें तें बोटाला समजतें.

धान्याचीं अक्षरें मुलांना मनापासून आवडतात. जमिनीवर खडूनें हातभर मोठें अक्षर काढावें आणि त्या रेघेवर चिंचोके, हुलगे, मक्याचे दाणे ओळीनें मांडावयास सांगावें. एकेक दाणा चिमटींत धरून जागेवर ठेवणें ही पुढें पेन्सिल धरावयाची तयारीच असते, आणि ती मुलाला न कळत होते. परंतु येथें एक गोष्ट कानाआड करूं नये. लहान मुलें दाणे नाकांत, कानांत घालतात, गिळतात, आणि कधीं ते श्वासनलिकेंत अडकतात. तीन वर्षांच्या आंतील मुलाला हा खेळ देऊंच नये. त्याहून मोठ्यालाहि मोठें माणूस शेजारीं बसलें असेल तरच द्यावा, आणि खेळ संपतांच दाणे मोजून डब्यांत भरावेत.

बाराखडी हें घोकंपट्टीचें प्रकरण मानलें जातें, पण तिच्याइतकी हातानें शिकण्याजोगी दुसरी गोष्ट नाहीं. केरसुणीची एक हीर घ्यावी. पुठ्ठ्यावरील म पुढें ती उभी ठेवली कीं ‘मा’ झाला, उचलली कीं पुन्हा ‘म’. हीर ठेवावी आणि म्हणावें, उचलावी आणि म्हणावें. काना म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. मात्रेसाठीं तारेचा लहान वांकडा तुकडा, वेलांटीसाठीं सुतळी, अनुस्वारासाठीं मुगाचा दाणा. एकाच म वर हे दागिने चढवून उतरवून मुलें तासन् तास रमतात. ऱ्हस्व वेलांटीपाशीं मात्र तीं थबकतात, आणि त्यांचें थबकणें योग्यच असतें. तिचा उच्चार अक्षरानंतर होतो आणि ती बसते मात्र अक्षराच्या आधीं. येथें तर्क सांगण्याच्या भरीस पडूं नये. ‘ही पुढें पळणारी वेलांटी’ असें म्हटलें कीं मुलांचें समाधान होतें. मोठ्यांचें होत नाहीं, हा भाग निराळा. या पेंचांतून सुटण्यासाठीं पूर्वीं लिपिसुधारणेचे अनेक प्रयत्न झाले, सावरकरांनीं अ चीच बाराखडी करावी असा आग्रह धरला, आणि कांहीं मराठी छापखान्यांनीं ती चालवूनहि पाहिली. रूढीपुढें ती टिकली नाहीं.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. मूल शाळेंत जाईल तेव्हां शिकेलच. परंतु शहरांतील पुष्कळ मुलें आज इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांत जातात. २०२० सालच्या कायद्यानें राज्यांतील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला खरा, पण तो पहिलीपासून पुढें. त्याआधींचीं, म्हणजे अक्षर बोटांत मुरण्याचीं जीं तीन वर्षें, तीं घराच्याच ताब्यांत असतात. त्या वर्षांत मूल फक्त इंग्रजी अक्षरांशीं खेळलें, तर मराठी अक्षर त्याला पुढें परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंतून भेटतें. आणि प्रश्नपत्रिकेंतून भेटलेल्यावर सहसा कोणाचा जीव जडत नाहीं. घरांत मराठी बोलणारीं, पण आजीच्या हातचें पत्र वाचून घेण्यासाठीं दुसऱ्याकडे जाणारीं मुलें शहरांतून दिसूं लागलीं आहेत. तीं मुलें हुशार आहेत. त्यांच्या घरीं फक्त कोणीं कणकेचा क केला नव्हता.

यासाठीं दिवसाचीं दहा मिनिटें पुरतात, आणि तीहि मुलाच्या मर्जीनें. त्याचें लक्ष उडण्याच्या आधींच खेळ आवरावा. मूल ‘अजून’ म्हणत असतांना थांबणें हेंच उत्तम. शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये. पाहुण्यांपुढें अक्षर काढून दाखवावयास सांगूं नये. मूल डाव्या हातानें काम करीत असेल तर तो हात बदलण्याचा हट्ट मुळींच धरूं नये. त्यानें सरस्वतीचा कांहीं अपमान होत नाहीं. डब्यांवर साखर, मीठ, रवा, चहा अशीं नांवें मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावींत आणि त्याविषयीं कांहीं बोलूं नये. एके दिवशीं मूल आपण होऊन रव्याचा डबा ओळखतें, कारण र आणि व त्याच्या बोटांच्या ओळखीचे असतात. तेव्हां घरानें फार आरडाओरडा करूं नये. डबा उतरवावा आणि शिरा करावा.

पेन्सिल यावयाची ती यानंतर, बहुधा पांचव्या वर्षाच्या पुढें. तिच्याआधीं ओल्या कुंचल्यानें फरशीवर, जाड खडूनें अंगणांत किंवा गच्चीवर, मग पाटीवर. कागद शेवटीं. अक्षरांचें वळण दाखवितांना शासनानें ठरवून दिलेलें मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचें रूप डोळ्यांपुढें ठेवावें, म्हणजे घरचें एक आणि शाळेचें एक असें होणार नाहीं. जोडाक्षरांना घरीं हात लावूं नये. तीं शाळेसाठीं ठेवावींत. आणि कागद द्यावयाचा तो कोरा, मोठा, बिनरेघांचा. दुरेघी वही पहिलीच्या वर्गांत मिळेलच.